दोन एकरांचं पक्षी उद्यान: काळ्या मातीत तळं कसं टिकवायचं? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पडीकजागा
अक्कलकोट रोडच्या बाजूला एका संस्थेची दोन एकर पडीक जागा पाच वर्षांच्या लेखी कराराने मिळाली आहे. गट बारा-तेरा जणांचा, सगळे आपापलं काम सांभाळून येणारे. काळी माती, एका कोपऱ्यात मुरूम आणि निम्म्याहून जास्त भागात वेडी बाभूळ. बोअर नाही, नळाचं पाणी सोलापुरात कसं येतं ते तुम्हाला माहीतच आहे, काही दिवसांआड. सातभाई, बुलबुल, होले, वेडे राघू, टिटवीची एक जोडी इतके पक्षी आत्ताच दिसतात. याचं छोटं अभयारण्य करून रविवारी सकाळी लोकांसाठी उघडायचं आहे. सिमेंटचं तळं दोनदा तडकलं. दुसरं कशाचं करावं? वेडी बाभूळ सरसकट काढावी का? आणि लोकांना कुठपर्यंत आत सोडावं?

काळी_माती
सिमेंट तडकणारच. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दोन इंची कोब्याची काय बिशाद! शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घ्या, तो जमिनीबरोबर हलतो.

माप ४ बाय ३ मीटर पुरे. पण खड्डा बादलीसारखा खणू नका. ४ मीटरच्या एका टोकाला खोली शून्य, दुसऱ्या टोकाला ३० सेंटिमीटर, मध्ये सलग उतार. बुलबुल, होले, चिमण्या दोन ते पाच सेंटिमीटर पाण्यातच अंघोळ करतात; खोल पाण्याला नुसत्या काठावर येऊन पितात. मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं, म्हणजे या तळ्यातून साधारण १२० लिटर. उतार असला की पातळी सेंटिमीटरभर उतरली तर काठ तेरा सेंटिमीटर आत सरकतो आणि उथळ पट्टी पक्ष्यांना रोज मिळत राहते. उभ्या भिंतीच्या तळ्यात पातळी उतरली की ती विहीर होते. त्यामुळे रोज भरत बसायचं काम नाही. १००० लिटरची एक टाकी ठेवा आणि नळ आला की तळं-टाकी दोन्ही भरा.

कागद ६ बाय ५ मीटरचा. खाली मुळं, काटे, खडे वेचून चाळलेल्या मातीचा पाच सेंटिमीटर थर, त्यावर जुनी गोणपाटं. कडा चहूबाजूंनी ३० सेंटिमीटर खोल चरात दाबा. मग कागदावर ८-१० सेंटिमीटर चाळलेला मुरूम. हा थर लोक हटकून टाळतात आणि तिथेच फसतात: उघडा कागद उन्हाने कडक होऊन चिरतो, कुत्र्यांच्या नखांनी फाटतो, शिवाय पक्ष्यांचे पाय त्यावर घसरतात.

पाणी उडतंय की गळतंय, अशी शंका आली तर काठालगत एक बादली भरून ठेवा, दोन्हीकडे खूण करा आणि चोवीस तासांनी बघा. बादलीपेक्षा तळं जास्त उतरलं तर गळती.

डासांसाठी गप्पी मासे सुचवले जातील. तुमचं तळं पावसाळ्यात ओढ्याकडे वाहणार असेल तर नकोत, ते ओढ्यात पसरतात. त्याच ओढ्यातले पाच-सहा लहान मासे खोल टोकाला सोडा.

हिवर
वेडी बाभूळ एका दमात काढू नका. आज तुमच्या पक्ष्यांना रात्रीचा आसरा तिचाच आहे. दरवर्षी एक तृतीयांश काढा, तळ्याभोवतालची सर्वांत शेवटी. वरून तोडली की दुप्पट फुटते, म्हणून बुंधा जमिनीखाली २०-३० सेंटिमीटरपर्यंत उकरून मुळाची गड्डी काढावी लागते. पावसानंतर ओल असताना हे काम निम्म्या कष्टात होतं.

मोकळ्या झालेल्या जागेत बोर, साधी बाभूळ, हिवर, हिंगणबेट, भोकर लावा. उंबर एकच, मुरमाच्या कोपऱ्यापासून लांब आणि ओलाव्याला. गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प फुकट मिळाले तरी नको म्हणा. आणि कृपा करून सगळी जागा झाडांनी भरू नका. टिटवी आहे म्हणजे तिला उघडं रान हवंय. ती अंडी जमिनीवर खड्यांतच घालते. मुरमाचा कोपरा तसाच राहू द्या, मार्च ते ऑगस्ट तिथे कुणाचं पाऊल नको. ज्या जिल्ह्यात नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, तिथे तरी माळाला ओसाड म्हणू नये.

गवत बी गळेपर्यंत कापू नका, डिसेंबर उजाडू द्या. मुनियांना ते बी लागतं. कुंपणालगत मात्र तीन मीटरची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत काढलेली पट्टी, जानेवारीतच काढा.

तुमच्या भागात यंत्रमाग आहेत, त्यामुळे एक काम आठवड्याचं: वाऱ्याने येणारे सुताचे आणि नायलॉनचे गुंते वेचणं. चिमण्या-साळुंक्या ते घरट्यात नेतात आणि पिल्लाच्या पायाला दोरा आवळून पाय सुकतो.

रविवारची_दुर्बीण
आधी पाटीचं. ‘अभयारण्य’ लिहू नका. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरकारच घोषित करतं. ‘पक्षी उद्यान’ म्हणा. जखमी पक्षी सांभाळायला ठेवून घेऊ नका, वन विभागाच्या १९२६ वर कळवा.

लोकांनी लपून पक्षी बघायचा आडोसा तळ्याच्या पूर्वेला, पाण्यापासून दहा मीटरवर. सकाळी ऊन पाठीशी राहतं. बांबूचे तट्टे चालतील. उसाचं पाचट नको, एका बिडीचा खेळ. झरोके १५ सेंटिमीटर उंचीचे, दोन ओळींत: मोठ्यांसाठी सव्वा मीटरवर, मुलांसाठी आणि बसणाऱ्यांसाठी ८५ सेंटिमीटरवर. सर्वांत महत्त्वाची मागची बाजू. ती उघडी राहिली की उजेडात माणसांच्या सावल्या हलतात आणि पक्षी उडतात. गोणपाटाचा पडदा लावा. आडोशाकडे जाणारी वाटही तट्ट्यांच्या आडून हवी.

एका वेळी दहा जण, सोबत एक कार्यकर्ता, वेळ साडेसहा ते नऊ. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायला बंदी, घरट्याच्या फोटोलाही. ‘ताई, एकच फोटो’ म्हणणाऱ्यांसाठी नियम दारावरच लिहा, म्हणजे वाद कार्यकर्त्याशी होत नाही.

पडीकजागा
मुरमाचा कोपरा सोडला. आणखी दोन अडचणी. लोक पिशव्या भरून ज्वारी आणि फरसाण आणतात, नाही म्हटलं तर रागावतात. आणि मे महिन्यात निम्मा गट गावाला जातो.

हिवर
फरसाण दारातच ठेवून घ्या. मीठ आणि तेल पक्ष्यांच्या कामाचं नाही, उरलेल्यावर कुत्री-घुशी येतात. ज्वारी जमिनीवर पसरली की चार दिवसांत पारव्यांचे थवे बसतात आणि बाकीचे हटतात. म्हणून दाण्यांऐवजी कणसं आणायला सांगा. मालदांडी ज्वारीची चार-पाच कणसं बारीक फांदीला दोन मीटरवर उलटी टांगा. चिमण्या, मुनिया, पोपट लोंबकळून खातात, जड पारव्याला ते जमत नाही. देणाऱ्याचंही मन राहतं.

काळी_माती
मे साठी ठिबक करा. २० लिटरचा कॅन, त्याला औषधाच्या दुकानातून आणलेला सलाईनचा नवा सेट (वापरलेला अजिबात नको), खाली मातीची परळ. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली. मिनिटाला ६० थेंब ठेवले तर कॅन साडेचार दिवस चालतो. टपटप आवाजाला पक्षी साध्या परळीपेक्षा लवकर येतात. कॅनला काळा रंग द्या किंवा ओलं गोणपाट गुंडाळा, नाहीतर आत शेवाळ धरून नळी तुंबते. परळ तिसऱ्या दिवशी ओतून काथ्याने घासायची, साबण न लावता.

पाळ्या व्हॉट्सॲपवर ठरवू नका, तिथे सगळे अंगठा दाखवतात आणि पाणी कुणीच घालत नाही. फाटकाच्या आत फळा लावा, तारखेपुढे दोन नावं, आणि किल्ली जवळच्या दुकानात.

पडीकजागा
किल्लीसाठी समोरचा चहावाला तयार आहे. कागद शनिवारी आणतोय. ६ बाय ५ चा एकसंध मिळतो की जोड मारून घ्यावा लागतो?

काळी_माती
एकसंध मागा. जोड असलाच तर तो कारखान्यात उष्णतेने मारलेला हवा, डिंकाचा नको, आणि टाकताना उथळ टोकाकडे ठेवा.