मदत हवी आहे: उदगीर, अंबाजोगाई, परभणी करून मुंबईचं विमान कसं गाठायचं?

उदगीरचा_पाहुणा
घाईत लिहितोय. सुट्टी संपत आली. गुरुवारी भाऊबीजेला बहिणीकडं अंबाजोगाईला, तिथून सासुरवाडीला परभणीला, मग परत उदगीरला येऊन बॅगा उचलायच्या आन् मुंबई. विमान शनिवारी १२:४० चं. रेल्वेला सगळीकडं वेटिंग, ट्रॅव्हल्सवाले दिवाळीचे दर सांगायलेत. कसं जमवावं? लवकर सांगा.

मांजराकाठ
कुठल्या देशात जायचंय? किती जण? सामान किती? हे कळल्याबिगर काय सांगणार?

उदगीरचा_पाहुणा
दुबई. मी एकटाच. बायको आत्ताच परभणीला माहेरी आहे. १५-१५ किलोच्या दोन बॅगा, वर हातातली ७ किलोची.

वाळवंटी
युएईच्या बाहेर सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की रेसिडेन्सी रद्द होते, तेवढं तपासा.

उदगीरचा_पाहुणा
महिनाभरच झालाय येऊन. मी रस्ता विचारतोय.

समृद्धीप्रेमी
रेल्वेचा नाद सोडा. जालन्याहून समृद्धी महामार्ग धरा, थेट भिवंडीजवळचं आमणे. जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे.

मांजराकाठ
अहो, ते उदगीरला आहेत. उदगीरहून जालना गाठायलाच अर्धा दिवस जाईल. आणि आमण्याच्या पुढं भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. उदगीरहून बिदर-मुंबई गाडी आहे, पण ती रोज नसते. बाकीच्या वारी तीच गाडी लातूरहून सुटते, तेव्हा वार बघूनच ठरवा.

गोदातीर
थांबा. दादा, १२:४० म्हणजे दुपारचे की रात्रीचे? तिकिटावर ००:४० असं छापलंय का?

उदगीरचा_पाहुणा
हो, ००:४०, तारीख शनिवारची. म्हणूनच शनिवारी दुपारपर्यंत मुंबईत पोचायचं धरलंय.

गोदातीर
मग तुमचं विमान शुक्रवारी रात्रीच सुटतंय. रात्री बारा वाजले की तारीख बदलते. शुक्रवारी रात्री ९:३० च्या आत मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर हजर पाहिजे. बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. शनिवारी दुपारी पोचलात तर विमान जाऊन बारा तास झालेले असतील.

उदगीरचा_पाहुणा
बाप रे. बरोबर आहे. म्हणजे हातात गुरुवारच राहिला. आता परभणी रद्द करू का?

गोदातीर
परभणी नका रद्द करू, उदगीरचा परतीचा फेरा रद्द करा. बॅगा बुधवारीच भरून ठेवा आणि गुरुवारी सकाळी सोबतच घेऊन निघा. उदगीर-लातूर-अंबाजोगाई. दुपारी ओवाळून घ्या, तीनच्या आत निघा. परळी, गंगाखेड करत परभणी. एसटीत बॅगा डिकीत टाकाल तर कंडक्टरला सांगून टाका, आणि परळीला गाडी बदलताना आठवणीनं काढून घ्या. मुक्काम सासुरवाडीत. शुक्रवारी पहाटे नांदेड-मुंबई वंदे भारत. नांदेडहून ५ ला सुटते, परभणीला पावणेसहाच्या आत येते, दुपारी अडीचच्या आत सीएसएमटी.

तपोवनवाला
वंदे भारत कशाला? तपोवन स्वस्त आहे, सीट मिळून जाईल.

गोदातीर
तपोवन सीएसएमटीला रात्री दहाच्या सुमारास पोचते. यांना साडेनऊला विमानतळावर उभं राहायचंय. देवगिरी सकाळी पोचते हे खरं, पण ती गुरुवारी संध्याकाळीच परभणीहून निघते. भाऊबीज करून तेवढ्यात परभणी गाठणं अवघड आहे.

उदगीरचा_पाहुणा
वंदे भारतला पण वेटिंग १४ दाखवतंय.

तत्काळ_माहिती
वेटिंग काढून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. चार्ट झाल्यावरही पूर्ण वेटिंग राहिलं तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि डब्यात चढता येत नाही. शुक्रवारच्या गाडीचं एसी तत्काळ गुरुवारी सकाळी १० ला उघडतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारशी जोडलेलं खातं आणि ओटीपी लागतो. गल्फला राहणारे इथंच अडकतात. आधारला जोडलेलं जुनं सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं असतं, मग ओटीपी येणार कुठून? आत्ताच एक ओटीपी मागवून बघा. येत नसेल तर वहिनींचं खातं त्यांच्या आधारनं पडताळून घ्या. त्या खात्यावरून तुमचं तिकीट निघतं.

उदगीरचा_पाहुणा
सिम बंदच आहे. बायकोला सांगतो. तरी नाही मिळालं तर?

तत्काळ_माहिती
पहाटेच्या गाडीचा चार्ट आदल्या दिवशीच होतो. म्हणजे गुरुवारी रात्रीपर्यंत कळेल. नाव नसेल तर पहाटे चारला गाडी करून निघा. आता समृद्धीभाऊंचा रस्ता कामाला येईल, कारण परभणीहून जालना जवळ आहे.

समृद्धीप्रेमी
हेच म्हणत होतो. कमाल वेग १२० आहे, पण भाड्याच्या जुन्या गाडीला शंभरच्या आतच ठेवायला सांगा. काँक्रीटवर टायर तापतात. निघण्याआधी टायर थंड असताना हवा बघा, घासलेले टायर असतील तर दुसरी गाडी मागा. टाकी जालन्यातच फुल्ल करा.

मेट्रो३
सीएसएमटीला उतरून मेट्रो ३ धरा. टी-२ चं स्टेशन तिच्यावरच आहे. टॅक्सी नको.

मांजराकाठ
तीन बॅगा घेऊन? ठाण्याला उतरून टॅक्सी करा, इस्टर्न एक्सप्रेस हायवे, मग जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), मरोळ. दोन वाजता रस्ता मोकळा असतो.

मेट्रो३
दिवाळीनंतरच्या शुक्रवारी मोकळा? स्टेशनांवर लिफ्ट आहेत, अडचण नाही.

अंबाजोगाईची_लेक
बॅगेत फराळ आहे का, दादा?

उदगीरचा_पाहुणा
आईनं अनारसे, करंज्या, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी दिलीय. ताईचं अजून वेगळं.

अंबाजोगाईची_लेक
मग आजच आईंना विचारा, खसखस कशाकशात आहे. अनारसे खसखशीवरच थापतात. करंजीच्या सारणात असते, काळ्या मसाल्यात भाजून घातलेली असते. युएईत खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांत धरतात. हे तिन्ही काढून ठेवा. ताईंना फोन करा, त्यांनी अनारसे तिळावर थापावेत.

तपोवनवाला
मसाल्यात दळलेली कोणाला दिसते?

वाळवंटी
असं सांगू नका कुणाला. खसखशीपायी लोक तिथं तुरुंगात गेलेत. पकडला गेला तर नोकरी यांची जाईल, तुमची नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढा. त्यात तेल असतं, पेट घेण्याची भीती, म्हणून २०२२ पासून विमानात बंद आहेत. मिरचीचं लोणचं आणि ठेचा हातातल्या बॅगेत नको. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल, किंवा दुखण्याची गोळी ट्रॅमाडॉलची असेल, तर आधी परवानगी लागते.

बालाघाट
पुढच्या वेळी हैदराबादहूनच तिकीट काढा. उदगीरहून बिदरमार्गे शमशाबाद मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ पडतं.

उदगीरचा_पाहुणा
पुढच्या वेळी तसंच करतो. बायकोच्या खात्याचं आधार झालं. आईनं अनारसे आणि करंज्या वेगळ्या काढल्या, मसाला शेजारी दिला. ताईच्या फराळामुळं वजन वाढंल वाटतं.

अंबाजोगाईची_लेक
ताईंच्या गल्लीतल्या किराणा दुकानातल्या काट्यावर बॅगा ठेवून बघा. दोन्ही मिळून ३० किलोच्या वर गेल्या तर चकल्या मागं ठेवा आणि चटणी न्या, ती टिकते. पण चटणी दोन पिशव्यांत घालून वरून चिकटपट्टी लावा, तेल सुटतं.