सेकंडहँड गाडीचे लाइट: तुमच्या गाडीनं कुठं अंधार केला?

चारभिंती
भाच्यानं नुकतीच जुनी गाडी घेतलीय. परवा रात्री मेढ्याहून साताऱ्याला येताना त्याचा फोन. "मामा, डिपरवर टाकलं की दोन्ही लाइट गुल, अपरवर टाकलं की येतात. समोरचे सगळे शिव्या घालतायत." त्याला सावकाश ये म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि केळघर घाट आठवला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडिलांनी ओळखीतल्या एकांची जुनी गाडी घेतलेली. महाबळेश्वरहून रात्री उतरत होतो, वळणावळणाला अपर-डिपर चाललेलं. एका वळणावर हेडलाइट ठार. पार्किंगचे मिणमिणते तेवढे चालू. आई मागच्या सीटवर आम्हाला धरून "कड्याकडं नको हो, कड्याकडं नको" एवढंच म्हणत होती. मागून शेवटची एसटी आली. ड्रायव्हरनं थांबवून बघितलं आणि वडिलांना म्हणाला, "माझ्या मागं लागा, मी बेतानं घेतो." केळघर येईपर्यंत त्यानं आमच्यातलं अंतर वाढू दिलं नाही. वळण आलं की आधी ब्रेक नुसता टेकवायचा, म्हणजे त्याचे लाल दिवे बघून वडिलांना कळायचं. गाडीतले पॅसेंजर मागच्या काचेतून आम्हाला बघत बसलेले.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याजवळच्या वायरमननं स्टिअरिंगखालचा स्विच उघडला, तर आतलं प्लास्टिक वितळून कॉन्टॅक्ट मागं सरकलेला. आधीच्या मालकानं उजेड वाढावा म्हणून शंभर-नव्वद वॅटचे बल्ब घातले होते आणि सगळा करंट त्या एवढ्याशा स्विचातून. वायरमननं रिले टाकला, म्हणजे लाइटचा मोठा करंट स्विचातून न जाता बाहेरून जातो, आणि साठ-पंचावन्नचे बल्ब बसवले. पुढं गाडी विकेपर्यंत लाइटची तक्रार नाही.

भाच्याची गाडी उद्या दाखवतोय, मला तरी स्विचच वाटतोय. तोवर तुमचे किस्से येऊ द्यात. पण काय गेलं होतं आणि कसं सापडलं ते लिहा, नुसतं "आमचीपण गेलेली" नको.

कंदीपेढा
आमचीपण गेलेली 😄

वायरमनमामा
चारभिंती साहेब, स्विच उघडायच्या आधी बल्ब काढून उजेडात धरा. एका बल्बात दोन फिलामेंट असतात, एक अपरचं एक डिपरचं. गाडी जास्त डिपरवरच चालते त्यामुळं तेच आधी जातं. एका बाजूचं कधी गेलं मालकाला कळत नाही, दुसरं गेलं की म्हणतो दोन्ही एकदम गेले. दहातल्या सात गाड्या अशाच येतात माझ्याकडं. नवीन बल्ब घालताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागतं, तिथं काच जास्त तापते, बल्ब लवकर जातो.

हळदपेठ
सांगलीकरांना वेगळंच दुखणं. २०१९ च्या महापुरानंतर वर्षाभरानं गाडी घेतली. विकणारा म्हणाला पाणी टायरापर्यंतच आलेलं. गाडी धुऊन पुसून अशी चकाचक की बघत राहावं. दोनतीन महिने बरी चालली. मग ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटायचा, आणि डावा इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकायचा. गणपतीच्या आरासीसारखं 😅 बल्ब बदलले, फ्यूज बदलले, फरक शून्य.

शेवटी मिरजेत एकानं मागचा अख्खा लॅम्प काढला. आत तळाला वाळलेल्या गाळाची रेघ! होल्डर गंजून हिरवागार. बल्बाला अर्थच (बॉडीकडं जाणारी मायनसची वाट) मिळत नव्हता. पॉलिश पेपरनं घासून काळ्या वायरीला नवीन अर्थ बॉडीला दिला. झालं. पाणी टायरापर्यंत होतं म्हणे, टायर काय टपावर ठेवलेले का मग.

जुनी गाडी घेताना डिकीतली चटई सगळे उचलतात, टेललॅम्प कोणी काढून बघत नाही. दोन नट असतात फक्त.

पाटणवाली
हळदपेठ दादा टायर टपावर 🤣🤣
माझं नंतर लिहिते, कुकर लावलाय

वायरमनमामा
हळदपेठ, बरोबर सापडलं तुम्हाला. अर्थ गेला की करंट दुसऱ्या बल्बातून वाट काढतो म्हणून नको ते दिवे पेटतात. तपासायला सोपं आहे. एक लांब वायर घ्या, एक टोक होल्डरच्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. लाइट सुधारला तर अर्थ खराब, बाकी काही उचकू नका.

अजून एक सांगतो. मागं ब्रेकचा आणि टेलचा मिळून एकच बल्ब असतो, २१ आणि ५ वॅटचा, डबल कॉन्टॅक्ट. त्याच्या पिना खालीवर असतात म्हणजे उलटा बसू नये. लोक सिंगल कॉन्टॅक्टचा बल्ब आणतात आणि दाबून बसवतात. मग दोन्ही लाइनी एक होतात, ब्रेक मारला की डॅशबोर्ड उजळतो. गिऱ्हाईक म्हणतं गाडीत भूत आहे.

मोळीवाला
गाडीचं सोडा, आष्टा-इस्लामपूर रोडला उसाच्या सीझनमध्ये रात्री या. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं एक दिवा न्हाई, पण टेपचा आवाज आष्ट्यापास्नं इस्लामपूरला. लाइट दिसायच्या आधी गाणं ऐकू येतंय म्हणून वाचतोय माणूस.

कृष्णाकाठ
आमचाच ट्रॅक्टर असतो मोळीवाले 🙂 कारखाना सुरू व्हायच्या आधी रिफ्लेक्टर, लाल पट्टी सगळं लावतो. पण ऊस भरला की वाढं (उसाच्या शेंड्याचा पाला) खाली लोंबतं आणि सगळं झाकून टाकतं. फडातनं निघताना मागचं वाढं कोयत्यानं तासून घ्यायला लागतं, टोळीवाल्यांना तेवढी उसंत नसती. बैलगाडीवाल्यांचं तर त्याहून अवघड, त्यांनी कुठला दिवा लावायचा सांगा.

मोळीवाला
तुम्ही लावताय तर लै भारी भाऊ. राग मानू नका. मामाच्या पोराची मोटरसायकल अशीच ट्रॉलीत घुसलेली, पाय मोडून घरी बसलाय तेव्हापासनं जरा डोक्यात जातंय.

कृष्णाकाठ
राग कसला. कसा आहे आता? हाडाला वेळ लागतोच.

मोळीवाला
काठी घेऊन चालतोय आता.

पाटणवाली
आले. माझ्या गाडीची बॅटरी रोज सकाळी मेलेली. नवऱ्याचं एकच, तू दार नीट लावत नाहीस, आतला दिवा चालू राहतो. मी दार ढकलून ढकलून दमले. बॅटरीपण नवीन टाकली. मग समोरच्या आक्का एकदा सहज म्हणाल्या, "अगं, तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे रातभर कशाला लावता, चोरांसाठी का?"

ब्रेक लाइट! पेडलच्या वर एक बटणासारखा स्विच असतो. पेडल वर आलं की त्यावरचा छोटा प्लास्टिकचा गुटका ते बटण दाबून धरतो आणि लाइट बंद होतो. तो गुटका जुना होऊन भुगा झालेला. पायाखाली चटईवर तुकडे पडलेले, ते मी झाडून टाकलेले 😐 स्विचची दांडी गुटक्याच्या भोकातून आरपार, म्हणजे गाडीच्या मते मी चोवीस तास ब्रेकवर पाय ठेवून बसलेली.

वडापावपेक्षा स्वस्त वस्तू निघाली. नवऱ्याला बिल मुद्दाम दाखवलं.

आयर्विनकर
आक्का झिंदाबाद. सीसीटीव्ही कशाला पाहिजे.

वायरमनमामा
ताई, याच्या उलटही होतं. मागचे दोन्ही आणि काचेतला तिसरा, तिन्ही ब्रेक लाइट एकदम गेले तर आधी फ्यूज, मग तो पेडलचा स्विच. तिसरा लागतो आणि खालचे दोन नाहीत, तर बहुतेक बल्ब. एकटा तिसरा गेला तर डिकी जिथं उघडते तिथलं रबराचं नळकांडं मागं सरकवून बघा. डिकी उघडझाप करून आत वायर तुटते.

पाचगणीचाधुक्यात
एलईडीवर कोणीच बोलत नाही? घाटासाठी म्हणून पांढरेफेक एलईडी टाकलेत. झाडावरची माकडं दिसतात पण रस्ता दिसत नाही. पावसाळ्यात धुकं असलं की पुढं नुसती पांढरी भिंत. पसरणी घाट रोजचा आहे, काय करू?

चारभिंती
माकडं दिसतायत म्हणजेच उजेड वर चाललाय. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की प्रकाश निघायची जागा जरा जरी बदलली तरी फोकस बोंबलतो. समोरच्याचे डोळे जातात आणि आपल्याला रस्ता मिळत नाही.

आयर्विनकर
धुक्यात पिवळाच पाहिजे. जुने लोक वेडे होते काय, पिवळा कागद लावायचे.

चारभिंती
रंगापेक्षा लाइट खाली असणं महत्त्वाचं. अपर लावला तर पिवळासुद्धा तोंडावरच येतो.

आयर्विनकर
पावसाळ्यात महाबळेश्वरला येऊन बघा म्हणजे कळेल रंग.

चारभिंती
अहो मी मेढ्याचाच आहे 🙂

वायरमनमामा
पाचगणी, आधी हॅलोजन परत घाला. मग सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, टायरात हवा बरोबर पाहिजे. डिपरची उजेडाची वरची कड लाइटच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली यायला पाहिजे. हॅलोजनचा उजेड कमी वाटला तर बल्बाला दोष द्यायच्या आधी मीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट दाखवेल, तेवढेच जवळपास होल्डरवर मिळाले पाहिजेत. जुन्या वायरिंगात दीड-दोन व्होल्ट वाटेतच जातात. दहा टक्के व्होल्ट कमी झाले की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. रिले आणि जाड वायर टाकली की त्याच बल्बात गाडी नवी वाटेल.

कंदीपेढा
काच पिवळी पडली असेल तर टूथपेस्ट. पुसून बघा, आरसा होतो.

हळदपेठ
महिनाभर आरसा, मग परत हळद. वरचा उन्हापासून वाचवणारा थर गेलेला असतो. आधी बारीक वॉटर पेपरनं घासायचं, मग त्याहून बारीक, मग पॉलिश, आणि वरून कोटिंग. कोटिंग केलं नाही तर फुकट मेहनत.

कंदीपेढा
आमच्याकडं पेस्ट दातालापण पुरत नाही आता, पोरांनी गाडीवर संपवली.

बोरखळचीसून
आमच्याकडं शेजारचा ऊस तुटला की उंदीर घराकडं सरकतात आणि पहिला मुक्काम बॉनेटमध्ये. यंदा उजव्या हेडलाइटची वायर कुरतडून ठेवली, वर हेडलाइटच्या मागच्या रबराच्या टोपणाचं घरटं केलं. टोपण नाही म्हणून पावसात लाइटमध्ये पाणी. डांबरगोळ्या ठेवल्या तर एसीतून वास येतो. सासरे तंबाखूची पानं ठेवायला सांगतात. कोणाला फरक पडलाय का?

मोळीवाला
वहिनी आमच्या उंदरांनी तंबाखू पण नेली. रात्री बॉनेट उघडं ठेवायचं, त्यांना अंधार नि ऊब लागती. तेवढ्यानं कमी झालं.

कृष्णाकाठ
मांजर.

चारभिंती
भाच्याची गाडी दाखवून आलो. वायरमनमामा, तुमच्या तोंडात साखर. दोन्ही बल्बांचं डिपरचं फिलामेंट तुटलेलं, स्विच ठणठणीत. भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही उगंच घाटाची गोष्ट सांगून घाबरवलं."

ढेबेवाडीएक्सप्रेस
उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. टेललाइट दोन्ही बंद, डॅशबोर्डपण अंधार. ब्रेक लाइट लागतात. हेडलाइट लागतात. कराडला दाखवू की इथंच होईल?

वायरमनमामा
बऱ्याच गाड्यांत टेल आणि डॅशबोर्डच्या दिव्यांना एकच फ्यूज असतो. तोच बघा. बदलला आणि परत उडाला तर जास्त ॲम्पिअरचा घालू नका, वायर जळेल. मागच्या मालकानं काय काय जोडलंय ते शोधा.

ढेबेवाडीएक्सप्रेस
बदलला, लागले. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर कुठं जोडलीय माहीत नाही, ती बघू का?

वायरमनमामा
तीच बघा.

बोरखळचीसून
मांजर आणलंय. ते बॉनेटवर झोपतं, आत उंदीर.

ढेबेवाडीएक्सप्रेस
फ्यूज परत उडाला होता. कॅमेऱ्याची वायर नंबर प्लेटच्या दिव्याला पिळून जोडलेली, डिकीच्या बिजागरीत चेपून तांबं उघडं पडलेलं. काढून टाकली, टेप मारली, नवीन फ्यूज घातला. आता टिकलाय. कॅमेरा दिवाळीनंतर बघू, तोवर मुलगी खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करती.