झून री यांनी तायक्वांदो वाढवलं की पातळ केलं?

सह्यकडा: काल क्लासनंतर यावरून आमच्यात कडाक्याचा वाद झाला, म्हणून इथे मांडतोय. तायक्वांदो मास्टर झून री 1956 मध्ये कोरियातून शिकायला टेक्सासला गेले. तायक्वांदो हे नाव तिथे कुणाच्या कानावरूनही गेलं नव्हतं, म्हणून सुरुवातीला 'कराटे' म्हणून शिकवावं लागलं. 1962 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये शाळा काढली, पुढे अमेरिकी संसदेचे सदस्यही त्यांच्याकडे शिकले. पण माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे फाइटसाठी अंगावर बांधायचे फोमचे गार्ड. त्याआधी फाइट उघड्या मुठीनं व्हायची. दात पडायचे, गालफडं फुटायची. आज दहा वर्षांची मुलगी बिनधास्त मॅटवर उतरते, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

उंबरठा: साफ असहमत. उघड्या मुठीच्या काळात ठोसा समोरच्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबवता येणं, हीच खरी परीक्षा होती. गार्ड आले आणि थांबवायची गरजच संपली. आता ऑलिंपिक बघा. लंडन 2012 पासून छातीच्या कवचात सेन्सर आहेत. पुढचा पाय उचलून धरायचा आणि टेकवत राहायचं, गुण मिळतात. ही वाट फोमपासूनच सुरू झाली. आणि री यांनी संगीताच्या तालावर बसवलेले पूमसे, म्हणजे ठरावीक हालचालींचे क्रम? ते नृत्य झालं.

निळीशाई: सेन्सरचं खापर री यांच्या माथी मारू नका. ते निर्णय तायक्वांदोच्या जागतिक संघटनेचे. आणि 'शुद्ध परंपरा' म्हणताना थोडा इतिहास बघा. री ज्या चुंग दो क्वान या कोरियन शाळेच्या परंपरेत घडले, तिचे संस्थापक ली वॉन-कुक स्वतः जपानमध्ये शोतोकान कराटे शिकून आले होते. 'तायक्वांदो' हे नाव 1955 चं. म्हणजे री विमानात बसले तेव्हा नावाला जेमतेम वर्ष झालं होतं! जी गोष्ट अजून घडत होती, ती त्यांनी बिघडवली कशी म्हणता?

उंबरठा: नाव नवं असेल, शिस्त नवी नव्हती. माझा मुद्दा शिस्तीचा आहे.

पाणवठा: मी उंबरठा यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. शाळांची साखळी आणि टीव्हीवरच्या जाहिराती हा धंद्याचा साचा अमेरिकेत रुजवण्यात री यांचा हात होता, आणि त्याची झळ मला बसली आहे. माझ्या मुलाला एका क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी नवा बेल्ट मिळायचा. परीक्षा फी वेगळी, सर्टिफिकेटचे वेगळे. ग्रीन बेल्ट झाला तरी पोराला साधी फ्रंट किक मारताना गुडघा आधी वर घ्यायचा असतो हे माहीत नव्हतं. पाय सरळ झाडूसारखा फिरवायचा. शेवटी क्लास बदलला आणि त्याला पुन्हा पांढरा बेल्ट बांधला. रडला बिचारा.

सह्यकडा: पाणवठा, वाचून वाईट वाटलं. फीसाठी बेल्ट वाटणाऱ्यांवर मीही चिडतो. पण जाहिरात करणं आणि न शिकवता बेल्ट देणं यांत फरक आहे. री स्वतः शिकत राहिले, हे विसरू नका. 1964 मध्ये लाँग बीचच्या स्पर्धेत त्यांची ब्रूस लीशी ओळख झाली. तेव्हा ते स्वतः नावाजलेले मास्टर होते, तरी ब्रूस लीला किक शिकवताना त्याच्याकडून हातांचा वेग आणि झटपट ठोसा घेतला. तोच ठोसा पुढे त्यांनी मुहम्मद अलींना शिकवला. केवळ दुकान चालवणारा माणूस असं करत नाही.

उंबरठा: हे मान्य. शिकवणारा माणूस म्हणून री मोठेच. तरी माझ्या क्लासमधल्या मुलांना मी पहिले सहा महिने गार्ड बांधू देत नाही. भिंतीवर खडूनं रेघ मारतो, ठोसा रेघेच्या अलीकडे थांबला पाहिजे. हात थांबायला लागला की मगच फाइट.

निळीशाई: आणि सहा महिन्यांनंतर गार्ड कोणते बांधता?

उंबरठा: फोमचेच.