लेझर कटिंग मशीन घ्यावं की पत्रा बाहेरूनच कापून आणावा? (मच्छे, बेळगाव)

शेडवाला_मच्छे

मच्छेत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. वडिलांनी खिडक्यांच्या ग्रिल आणि गेटपासून सुरुवात केली. आता कामं तीन तऱ्हेची: उसाच्या ट्रॉलीचे पार्ट, फाउंड्रीवाल्यांचे पॅलेट-हॉपर, आणि शिनोळीच्या एका कारखान्याचं जॉबवर्क. पत्रा ते देतात, आपण कापून, वाकवून, वेल्डिंग मारून द्यायचं. जास्त करून एमएस (साधं लोखंड), २ ते ८ मिमी. स्टेनलेस म्हणजे अधूनमधून एखाद्या देवळाची रेलिंग.

सध्या ८ मिमीचे ब्रॅकेट गॅसवर कापतो, मग ग्राइंडर, मग ड्रिल. पातळ पत्रा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून लेझरवर कापून आणतो. तिथं रांग. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी ट्रॉलीवाल्यांना माल हवा असतो, आणि नेमकं तेव्हाच लेझरवाल्याला फोन केला की एकच उत्तर, "करूलोय की!"

दोन कोटेशनं हातात आहेत, १.५ किलोवॅट आणि ३ किलोवॅट. दोन्हीचा बेड (पत्रा ठेवायचं टेबल) १५०० बाय ३००० मिमी. सेल्समन म्हणतो ३ च घ्या. भाचा डिप्लोमा करून घरी आहे, त्याला ऑटोकॅड येतं, तो म्हणतो कुठलंही घ्या पण घ्या. बायको म्हणते कर्ज कमी काढा. तिघांपैकी कुणाचं ऐकू?

निपाणी_ट्रॉली

वहिनींचं. ट्रॉलीचंच काम असेल तर सीएनसी प्लाझ्मा (कॉम्प्युटरवर चालणारं प्लाझ्मा कटिंग मशीन) बघा की. लेझरपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि गंजकी प्लेटसुद्धा कुरकुर न करता कापतो.

उद्यमबाग_जुना

निपाणीकर, प्लाझ्मा वाईट नाही. पण ह्यांचा वेळ कापण्यात जातच नाही, ग्राइंडर आणि ड्रिलमध्ये जातो. ८ मिमी प्लेटला प्लाझ्मानं १० मिमीचं भोक पाडा आणि कॅलिपर लावून बघा: वरून एक माप, खालून दुसरं. बोल्टसाठी शेवटी ड्रिल आलंच. लेझरवर तेच भोक सरळ निघतं, ब्रॅकेट बेडवरून उचलला की थेट वेल्डिंगला.

आता मच्छेवाले दादा. तुम्ही वॅट विचारताय, मी आधी कड विचारतो. कापल्यावर त्या कडेचं पुढं काय होतं? वेल्डिंगखाली जाते की तिच्यावर रंग बसतो?

एमएस ऑक्सिजनवर कापलं की लोखंड स्वतःच जळतं आणि लेझरचं निम्मं काम तेच करतं. दाब लागतो एका बारच्या आसपास, त्यामुळे सिलिंडर टिकतो. १.५ किलोवॅटचं मशीन ८ मिमी असं निवांत कापतं, १० पण काढतं. पण कडेवर काळी पापडी राहते. तिच्यावर पावडर कोटिंग केलं तर रंग पापडीला धरतो आणि पापडी लोखंडाला धरत नाही. आज चकाचक दिसतं, गिऱ्हाइकाकडे गेल्यावर कडेनं सोलून निघतं. पापडी काढायची तर परत ग्राइंडर.

हवेनं किंवा नायट्रोजननं कापलं तर ही भानगड जवळपास मिटते, आणि ३ किलोवॅटचे पैसे तिथं वसूल होतात. ३ मिमी पत्रा ऑक्सिजनवर कापायचा तर दोन्ही मशीनच्या वेगात फारसा फरक नाही. हवेवर मात्र मोठं मशीन छोट्याला कुठल्या कुठं मागं टाकतं. सेल्समन हे सांगत नाही, तो फक्त "२० मिमीपर्यंत कापतं" एवढंच सांगतो. तुम्ही २० मिमी कधी कापणार हो?

म्हणजे तुमचा बहुतेक माल ६-८ मिमीचा आणि वेल्डिंगला जाणारा असेल तर १.५ पुरे, वहिनी जिंकल्या. २-४ मिमीचा, रंगवायचा माल जास्त असेल तर ३ घ्या आणि हवेवर चालवा.

नायट्रोजनच्या नादाला स्टेनलेससाठी लागू नका. २ मिमीचं नॉझल आणि १५ बार दाब धरला तर तासाला ३५ घनमीटरच्या आसपास गॅस उडतो. साधा सिलिंडर ७ घनमीटरचा, म्हणजे पाव तासही पुरत नाही. ज्यांचं रोजचं स्टेनलेस आहे ते द्रवरूप नायट्रोजनचा ड्युरा (मोठी टाकी) ठेवतात. वर्षाला चार रेलिंग करणाऱ्यानं ती बाहेरून कापून आणावीत, देव काही रागावणार नाही.

विजेचं ऐका. पाटीवर ३ किलोवॅट लिहिलेलं असतं तो बाहेर पडणारा प्रकाश. फायबर लेझर ओढलेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्साच प्रकाशात बदलतो, म्हणजे सोर्स (मशीनमधला प्रकाश तयार करणारा भाग) एकटाच ९-१० किलोवॅट खातो. त्यात चिलर (सोर्सला गार पाणी पुरवणारं यंत्र), सर्वो मोटर, धूर ओढणारा पंखा, आणि हवेवर कापायचं तर १६ बारचा स्क्रू कॉम्प्रेसर, जो लेझरपेक्षाही जास्त खातो. हेस्कॉमकडून, म्हणजे वीज कंपनीकडून, सँक्शन लोड (मंजूर वीजभार) वाढवून घ्यावा लागेल, आणि तो वाढला की फिक्स्ड चार्ज दर महिन्याला, मशीन चालो की झाकून ठेवा. कोटेशनमध्ये कॉम्प्रेसर, ड्रायर, स्टॅबिलायझर आणि वेगळं अर्थिंग धरलंय का, ते पण बघा. बहुतेक वेळा नसतं.

आणि बेंडिंग? त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. लेझर आला की कापलेल्या पार्टचा ढीग वाकवायच्या प्रेसपुढं साठतो. शिवाय आजवर वाकवून झाल्यावर जास्तीचं छाटत आला असाल तर ते बंद. ३ मिमी पत्रा, आतली त्रिज्या ३ मिमी, तर दर ९० अंशाच्या बेंडला उलगडलेल्या लांबीतून ५ मिमीच्या वर वजा होतात. बाहेरून ५० बाय ५० चा एल हवा असेल तर पट्टी १०० ची नाही, ९५ च्या जरा आतली. हा आकडा पुस्तकातला, तुमच्या डायवर वेगळा येईल. भाच्याला आधी तो काढायला बसवा. नाहीतर लेझर चुकीचं माप अगदी अचूक कापून देईल.

जाता जाता: ८ मिमीची १५०० बाय ३००० प्लेट २८३ किलो भरते. दोन हेल्पर आणि एक "हो हय्या" ह्यात ती बेडवर जात नाही. होइस्ट धरा.

टिळकवाडी_हिशेब

जुना काकांनी मशीनचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. मी छोट्या कारखान्यांचे हिशेब बघते.

भाऊ, शिनोळी तुमच्यापासून जवळच असेल, पण ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल गेला तर ई-वे बिल (जीएसटीचा माल वाहतुकीचा कागद) लागतंच, किंमत कितीही कमी असो. ५० हजारांची सूट तिथं नाही. टेंपोत चारच पत्रे असले तरी चलन आणि ई-वे बिल दोन्ही हवेत. त्यांनी पाठवलेला पत्रा एका वर्षात परत गेला पाहिजे, नाहीतर तो त्यांनी तुम्हाला विकला असं धरतात. लेझर आल्यावर फेऱ्या वाढतील, म्हणून आत्ताच वही नीट लावा.

दुसरं, कापून उरलेला पत्र्याचा सांगाडा कुणाचा, हे लेखी ठरवा. गॅस कटिंगला कुणी विचारत नाही. लेझरवर नेस्टिंगचा (पत्र्यावर पार्ट कसे मांडले त्याचा) कागद निघतो, त्यावर किती टक्के वाया गेलं ते छापून येतं, आणि मग भंगारावरून वाद सुरू होतात.

तिसरं, उद्यम नोंदणी नसेल तर आधी करा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल आणि तुमचे पैसे लेखी करार असताना ४५ दिवसांत, करार नसताना १५ दिवसांत दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मार्चमध्ये ह्याची आठवण करून दिली की चेक लवकर निघतात. कर्जाचा हप्ता काही ४५ दिवस थांबत नाही.

घराचा उतारा बँकेत ठेवण्याआधी सीजीटीएमएसईच्या (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमीबद्दल विचारा. फी पडते, पण तारण लागत नाही. मॅनेजर आपणहून सांगेलच असं नाही.

शेडवाला_मच्छे

सगळ्यांचे आभार. जुना काका, शिनोळीच्या मालाला पावडर कोटिंगच असतं. कडेनं रंग सुटतो अशी त्यांची तक्रार होती आणि आम्ही कोटिंगवाल्याशी भांडत होतो. पातळ माल बाहेरून कापून येतो तो ऑक्सिजनवरच, हे आज विचारून घेतलं.

महिन्याचं काम काढून बघितलं. वजनानं ट्रॉलीचा जाड माल जास्त, पण कटिंगचं बिल पातळ मालाचं जास्त. म्हणजे ३ कडे झुकतंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

एकच राहिलं. आमच्या शेडात जूनपासून भिंती ओल्या असतात. लेझरला चालेल का?

उद्यमबाग_जुना

भिंतीला चालेल, सोर्सला नाही. इथल्या पावसात हवा तेवीस-चोवीस अंश आणि दमट. चिलरचं पाणी दवबिंदूच्या खाली गेलं की थंड ताकाच्या पेल्यासारखा सोर्सला आतून घाम फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही इंजिनिअरला फोन लावता. सोर्स आणि कंट्रोल पॅनलला काचेची छोटी खोली करा, एसी बसवा. सकाळी आधी एसी, अर्ध्या तासानं चिलर, मग लेझर. संध्याकाळी मशीन बंद केलं की चिलर चालू सोडू नका. पाणी किती अंशावर ठेवायचं त्याचा तक्ता मशीनबरोबर येतो, पावसाळ्याचा आकडा वेगळा असतो, तो चिलरवरच चिकटवून ठेवा. हवेवर कापणार असाल तर ड्रायरचं पाणी रोज काढा. हवेतून पाणी आलं की कापणाऱ्या हेडमधली संरक्षक काच गेलीच.

ग्राइंडिंग त्या बाजूला नको, मध्ये पत्र्याची भिंत घाला. बेड झाकलेलाच घ्या. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि वेल्डिंगच्या काचेवर त्याच्यासाठी भरवसा ठेवू नका, १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा वेगळा चष्मा मिळतो. आणि वेल्डरला आजच सांगून ठेवा, अर्थचा क्लॅम्प लेझरच्या बेडला लावायचा नाही, जवळ पडतो म्हणून पण नाही.

मशीन ठरवण्याआधी तुमची ३ मिमीची दोन ड्रॉइंगं आणि तुमचाच पत्रा घेऊन विकणाऱ्याच्या डेमोला जा. हवेवर कापून घ्या, कोटिंग करा, आणि नाण्यानं कड खरवडून बघा.

निपाणी_ट्रॉली

३ घेतलंत तर माझे १० मिमीचे हुक पाठवतो. दर आधी सांगा.