मदत हवी आहे: बीअरचे बुडबुडे थांबले, गाळ बसला, पण ग्रॅव्हिटी १.०२५ वर अडकली

घोटभर
२० लिटर साधी पेल एल लावली आहे. यूएस-०५ यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट, तापमान १९ अंश. यीस्ट टाकण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर १२.४ ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) होतं, म्हणजे ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपते तशी उतरते) १.०५०. आज नववा दिवस. फेस खाली गेला, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) गप्प आहे, तळाशी चारेक सेंटिमीटर गाळ आहे. पण रिफ्रॅक्टोमीटर तीन दिवस ६.४ ब्रिक्सवरच, म्हणजे १.०२५. वरची बीअर अजून गढूळच दिसते. आणखी यीस्ट टाकू का? की गाळावरून काढून दुसऱ्या भांड्यात घेऊ? मेलेल्या यीस्टची चव उतरेल अशी धास्ती वाटते. बाटल्या केव्हा भरता येतील?

माल्टमित्र
यीस्ट अजिबात टाकू नका. आंबवण अडकलेलं नाही, वाचन फसवं आहे. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते मोजतो, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं. त्यामुळे आंबवण सुरू झाल्यावर त्यावरचे आकडे थेट घेता येत नाहीत, सुरुवातीचा ब्रिक्स धरून दुरुस्ती करावी लागते. १२.४ वरून ६.४ ची दुरुस्ती केली की साधारण १.०१२ ते १.०१३ येतं. म्हणजे तुमची बीअर जवळपास झालेली आहे.

तरी हायड्रोमीटरने (द्रवात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी नळी) खात्री करा. नमुना दोन ग्लासांत आलटूनपालटून ओतून त्यातला वायू घालवा. बुडबुडे दांड्याला चिकटले की हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. ३० अंशांच्या नमुन्यात तो दोन-अडीच पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) कमी दाखवेल. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा तोच आला तर आंबवण संपलं असं समजा.

एअरलॉकवर मात्र भरवसा नको. झाकणातून वायू निसटत असेल तर आंबवण जोरात असूनही तो गप्प राहतो, आणि भांडं गरम झालं की विरघळलेला वायू सुटून आंबवण संपल्यावरही बुडबुडे येतात.

तळगाळ
गाळाबद्दल लिहितो, कारण इथेच लोक उगाच घाई करतात.

पहिल्या एक-दोन दिवसांत जे खाली बसतं ते बहुतेक हॉप्सचा चोथा आणि वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस) गार होताना साकळलेली प्रथिनं. यीस्ट नंतर बसतं. पेशींच्या भिंतीवरची प्रथिनं शेजारच्या पेशीला धरून गुठळ्या करतात, त्यासाठी कॅल्शियम लागतं. वर्टमध्ये साखर असेपर्यंत ती याच जागा अडवून बसते, म्हणून बहुतेक जातींचं यीस्ट साखर संपत आल्याशिवाय बसत नाही. गुठळी जितकी मोठी तितकी ती झपाट्याने खाली जाते. एस-०४ हे यीस्ट लवकर आणि घट्ट बसतं, यूएस-०५ ला जास्त वेळ लागतो, गव्हाच्या बीअरची यीस्टं तर गढूळच राहतात. तुमच्या यीस्टला नवव्या दिवशी गढूळपणा असणं अगदी अपेक्षित आहे.

दुसऱ्या भांड्यात काढू नका. २० लिटरच्या भांड्यात तीन-चार आठवडे गाळावर राहून बीअर बिघडत नाही. पेशी फुटून चव उतरण्याची चिंता मोठ्या कारखान्यांतल्या उंच टाक्यांत असते, तिथे तळाशी दाब आणि उष्णता दोन्ही जास्त. तुमच्याकडे खरा धोका ऑक्सिजनचा आहे, आणि भांडं बदलताना नेमका तोच आत शिरतो. शिवाय हेच यीस्ट अजून डायअसिटिल, म्हणजे लोण्यासारखा वास देणारा पदार्थ, साफ करत असतं.

म्हणून आता तापमान २१ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस थांबा. मग तपासा: थोडी बीअर झाकलेल्या ग्लासात ६०-७० अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवा, थंड करून वास घ्या. लोण्याचा वास आला तर आणखी थांबा. नाही आला तर भांडं १ ते ३ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा.

घोटभर
हायड्रोमीटरवर १.०१२ आलं. थंड करताना एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जाईल का? आणि बीअर नितळ करायला जिलेटिन घालावं का?

माल्टमित्र
ओढलं जाईल. वरचा वायू आकसतो आणि थंड बीअर तो शोषूनही घेते. थंड करण्याआधी एअरलॉक काढून बुचाचं भोक निर्जंतुक केलेल्या घट्ट बुचाने बंद करा. भांडं कडक नसेल तर ते चेपेल, तेव्हा एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी थोडी व्होडका ठेवा.

जिलेटिन हवंच असेल तर ३-४ ग्रॅम, १५० मिली पाण्यात, ६५-७० अंशांपर्यंत गरम करून. उकळलं तर त्याचं काम बिघडतं. बीअर आधी पूर्ण थंड असू द्या, नाहीतर थंडीत दिसणारा प्रथिनांचा धुरकटपणा तसाच राहतो. ते प्राणिजन्य आहे हे पिणाऱ्यांना सांगा.

तळगाळ
जिलेटिनवाचून चालेल. थंडीत आणखी दोन दिवस दिले की तेवढंच काम होतं.

सायफन करायच्या आदल्या दिवशीच भांडं उंचावर ठेवा, एका बाजूखाली फळी सरकवून तिरकं करा, आणि नळीचं तोंड गाळाच्या वर धरा. शेवटचा लिटर-दीड लिटर सोडून द्या. बाटल्यांसाठी साखर लिटरमागे साडेपाच ते सहा ग्रॅम, वजन करूनच. थोड्या पाण्यात उकळून आधी रिकाम्या भांड्यात ओता आणि वरून बीअर घ्या, म्हणजे ती सगळीकडे सारखी मिसळते. साखरेचा हिशेब करताना आंबवण ज्या तापमानाला संपलं ते धरा, थंड केल्यानंतरचं नको. आंबवण अपुरं असताना भरलेल्या बाटल्या फुटतात: ग्रॅव्हिटीचा उरलेला प्रत्येक पॉइंट बाटलीत सुमारे अर्धा व्हॉल्यूम (एक व्हॉल्यूम म्हणजे बीअरच्या आकारमानाइतका वायू) वायू वाढवतो, म्हणून चार पॉइंट शिल्लक असले तर जवळपास दुप्पट वायू होतो.

२० अंशांवर दोन आठवडे, मग उभ्या बाटल्या दोन दिवस थंड. पेशी डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी बीअरमध्ये वायू धरण्यापुरतं यीस्ट असतंच. बाटलीच्या तळाला पातळ थर राहील, तो राहू द्या. एका दमात ओता आणि थर हलायला लागला की थांबा.