टर्फपेक्षा खालची खडी बघा
वर कुणीतरी म्हटलंय की सोसायटीतले पेव्हर ब्लॉक काढून भोकंवालं आर्टिफिशियल टर्फ टाकलं की पाणी आपोआप जिरेल. अहो, नुसती भोकं असून काय होतंय, खाली काय आहे ते बघा की! आमच्याकडे कोबा तसाच ठेवून वर हिरवी चटई अंथरली, पहिल्याच वळवाला पाणी भोकांतून खाली आणि कोब्यावरून सरळ पार्किंगमध्ये, वर चार दिवस पाय ठेवला की पचक पचक. खरं काम करते ती खालची खडी, धुतलेली, चुरी नसलेली, तिच्यात साधारण ४० टक्के पोकळी असते म्हणजे फूटभर थरात जवळपास १२ सेंमी पाऊस मावतो. हजार स्क्वेअर फुटांवर ५० मिमी पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं, हिशोब करून बघा. त्यात पुण्यात मुरमाखाली काळा पाषाण, तो पटकन पाणी पीत नाही, म्हणून साचलेलं पाणी बाहेर काढायला तळाला भोकांचा पाइप हवाच. (सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते अरण्येश्वरवाल्यांना विचारा.) शिवाय एप्रिल-मेमध्ये टर्फ असलं तापतं की पोरं अनवाणी उभी राहत नाहीत, मला तर साधी हरळीच बरी वाटते. तुमच्याकडे ब्लॉकखाली माती आहे की पीसीसी (साधं काँक्रीट)?