मदत हवी आहे: मांजरांचे फोटो धड येईनात, गुरुवारपर्यंत द्यायचेत

निवांत_६१: नमस्कार. घरी मांजरांचे फोटो काढतोय, एकही धड येत नाही. कधी धूसर, कधी नुसता डाग. घरच्या मांजरांचं कॅलेंडर छापून घ्यायचंय. बारा फोटो लागतात, माझ्याकडं कसेबसे दीड आहेत. दुकानदार गुरुवारनंतर घेणार नाही, डायऱ्यांची घाई आहे म्हणतो. सगळी सेटिंगं करून झाली. नेमकं काय करायचं तेवढंच सांगा.

गोदाकाठ: मोबाईल की कॅमेरा? मांजर कोणत्या रंगाचं? कुठं बसतं, किती वाजता काढता? गाव कोणतं?

निवांत_६१: मोबाईलच. पेन्शनरकडं दुसरं काय असणार? परभणी. मांजर घरातच असतं.

जुना_रोलवाला: मोबाईलवर मांजराचे फोटो निघत नसतात. सेकंडहँड डीएसएलआर घ्या, ५० एमएमची एफ १.८ लेन्स लावा, शटर १/२५० च्या खाली येऊ देऊ नका. आम्ही ३६ फोटोंच्या एका रोलमध्ये अख्खं लग्न बसवायचो. वरमाला हुकली की हुकली!

गोदाकाठ: गुरुवारपर्यंत ते कॅमेरा घेणार, शिकणार अन् मग फोटो काढणार? काका, रंग विचारला होता.

निवांत_६१: दोन आहेत. बुक्का आणि जोंधळी. नावावरून कळायला पाहिजे.

गोदाकाठ: म्हणजे एक काळं कुळकुळीत अन् एक पांढरं, आणि दोघांना एकाच फोटोत घेताय. हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना! एकाला सांभाळलं की दुसरं बिघडणार. एकेकट्याचे काढा. स्क्रीनवर बुक्क्याच्या तोंडावर बोट टेकवा, बाजूला सूर्याची खूण येते, ती जराशी खाली ओढा, नाहीतर काळ्याचा राखाडी होतो. जोंधळीला उलटं, थोडी वर. नाइट मोड लावलेला नाही ना?

निवांत_६१: मुद्दाम लावलाय. घरात अंधार असतो.

गोदाकाठ: तोच काढा आधी. त्यात मोबाईल एकामागून एक बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो. भिंतीला चालतं. मांजराची शेपूट तेवढ्या वेळात तीनदा हलते.

पाळीवप्रेमी: थंडीत मांजरांना दूध देऊ नका, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. सर्दी झाली तर माणसाची पॅरासिटामॉल चुकूनही नको. एका गोळीनंही मांजराचा जीव जाऊ शकतो.

निवांत_६१: सर्दी मला झालीय, मांजरांना नाही. फोटोचं बोला.

येळवसवाला: काका, येळवसला, म्हंजी वेळ अमावास्येला, शेतात न्या की मांजरं! उन्हात कसा बी फोटू येतोय. आमच्या लातूरकडं आतापासून भज्जीचं सामान जमा होऊलालंय. आंबील प्यायची, कडब्याच्या कोपीसमोर बसायचं अन् फोटू काढायचे.

जुना_रोलवाला: शेतात नेलेलं मांजर परत येत नाही. फ्लॅश मारा, काम झालं.

येळवसवाला: आमचं तर येतंय. तुमचं कामून येईना ते तुमचं तुम्ही बगा.

गोदाकाठ: फ्लॅश नको. मांजराच्या डोळ्यात मागं चकाकणारा पडदा असतो, हिरवे दिवे लागल्यागत दिसतात. फुकटचा उजेड वापरा. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य परभणीत ४७ अंशांच्या आसपासच चढतो, तोही दक्षिणेला. दक्षिणेचं दार किंवा खिडकी असेल तर उन्हाळ्यात उंबऱ्यावर अडणारं ऊन आता आत येतं. तिथं पोतं अंथरा, मांजराला बोलवावं लागत नाही. तुम्ही उजेडाकडं पाठ करून खाली बसा, मोबाईल मांजराच्या डोळ्यांच्या उंचीला धरा. जोंधळीसाठी दारावर जुनं धोतर टांगा, नाहीतर थेट उन्हात तिचे केस दिसणार नाहीत, नुसता पांढरा ठिपका. आणि धूसर कोणते येतात, सगळे?

निवांत_६१: सकाळचे. सकाळीच तर सवड असते. खोबरेल दगडासारखं गोठलेलं असतं, तळहातावर चोळून अंगाला लावतो. तोवर ही दोघं उन्हाला येऊन बसतात, मग पटकन मोबाईल घेतो.

गोदाकाठ: काका, लेन्स पुसा.

जुना_रोलवाला: 😂 आमच्या काळी लेन्सला बोट लावलं तर मालक बोट तोडायचा.

निवांत_६१: (दुसऱ्या दिवशी) पुसली. मिसेसचं म्हणणं, तिनं हे दिवाळीतच सांगितलं होतं. असो. जोंधळीचे नऊ चांगले आले, मिशा मोजता येतात. बुक्का पोत्यावर बसतो, पण मोबाईल दिसला की पाठ फिरवतो. वर दुकानदार म्हणतो फोटो छापायला फाटतात. आता हे काय नवीन?

गोदाकाठ: व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवले असतील, तिथं ते बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए४ चं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात.

निवांत_६१: पाठवतो. आणि बुक्क्याचं?

येळवसवाला: पाठमोरा फोटू फेब्रुवारीला लावा काका, महिना लहान हाय.